उलट्या हाताचे नाना

नाना कुठल्याही वस्तूला पहिला हात लावायचे तो उलटा. मोटार असो, लोखंडी फाटक असो की हॉटेलातला फ्रीज, आधी टेस्टर आणि मग हाताची मागची बाजू. तळहात लावला आणि करंट असला तर बोटं मिटून वस्तूला धरून बसतात, उलटा हात निदान झटकला तरी जातो, हे त्यांचं शास्त्र. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दाराच्या कडीलाही उलटा हात लावला. या माणसाला आपल्या घराची किळस वाटते की काय, असं आईने मला आत बोलावून विचारलं होतं.

येवल्याच्या पूर्वेला माळरान आहे, त्यावर काळविटांचे कळप असतात. त्या माळाच्या कडेला एक दगडखाण होती आणि नाना तिथले वायरमन होते. मी त्या भागातली सरकारी पशुवैद्य, नाशिकहून नुकतीच आलेली. गाईम्हशी, मेंढरं माझ्याकडे होतीच, पण हरणांचं काही झालं की वनखात्याचे लोकही मलाच बोलवायचे.

कामाला हात घालण्याआधी नाना मेन स्विच पाडायचे, फ्यूज उपसायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. “स्विच कोनबी चालू करतंय, खिशात मातर कोनी हात घालत नाय,” म्हणायचे. एकदा ते खिशातले फ्यूज घेऊन भाचीच्या लग्नाला थेट मालेगावला पोचले. इकडे खाण बंद, मालक फोनवर तापलेला, आणि नाना पंगतीत बसून सांगताहेत की जेवण झालं की निघतो. फ्यूजच्या जागी तार गुंडाळून काम चालू करणं सोपं होतं. पण नानांनी काढलेले फ्यूज नानांशिवाय कोणी घालायचे नाहीत, हे कामगारांनीच ठरवून टाकलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात माळावरचे पाणवठे आटले आणि हरणं खाणीच्या खड्ड्यातल्या पाण्यावर येऊ लागली. आठवड्याभरात तीन मेली. अंगावर जखम नाही, भाजल्याची खूण नाही, एकाच्या तोंडाला तेवढा फेस. मी नमुने पाठवले आणि निकाल यायच्या आधीच गावात सांगून मोकळी झाले, की साथीचा रोग दिसतोय, मेंढरं तिकडे नेऊ नका. नवी नोकरी होती, हुशारी दाखवायची घाई होती. दुसऱ्या दिवसापासून गावाने हरणांवर कुत्री सोडायला सुरुवात केली. कळपात गाभण माद्या होत्या आणि त्या टापूत दुसरं पाणी नव्हतं. साथ आवरायची तर इलाज नाही, अशी मी मनाची समजूत घालत राहिले.

चौथं हरण पडलं त्या सकाळी मी पाण्याचा नमुना घ्यायला खड्ड्यात उतरले. चिखल होता म्हणून चपला वरच काढून ठेवल्या होत्या. मागून नानांचा आवाज आला, “म्याडम, हाय तिथंच थांबा. दोन्ही पाय जवळ घ्या.” ते ओरडले नाहीत, म्हणूनच बहुधा मी ऐकलं. त्यांनी धावत जाऊन मेन पाडला, फ्यूज खिशात घातले आणि मगच मला वर यायला सांगितलं. पाणी माझ्यापासून चार पावलांवर होतं. आज मी हे लिहायला आहे ती त्या माणसामुळे.

मग ते मेलेल्या हरणाजवळ उकिडवे बसले. चारही हरणं पाण्याकडे तोंड करून पडली होती आणि चारही वेळा पहाटेपासून खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप चालू होता. ओल्या जमिनीत वीज उतरली की दोन पावलांत अंतर किती यावर सगळं असतं, असं त्यांनी मला समजावलं. माणसाचे पाय जवळ, हरणाचे पुढचे-मागचे लांब, म्हणून ते आधी जातं. एवढी वर्षं जनावरांचं शिकलेल्या मला हे कधी सुचलं नव्हतं. पंपाची केबल ओढून काढली तर पाण्याखालच्या सांध्याची पट्टी सुटलेली. वीज झिरपली की पंप आपोआप बंद करणारं यंत्र पेटीत होतं, पण त्याला वळसा घालून सरळ तार जोडलेली होती.

हे कोणी केलं, मी विचारलं. माझा रोख अर्थातच मालकावर होता.

“म्याच,” नाना म्हणाले. “सारखा पंप बंद पडतो म्हून मालक लय मागं लागला व्हता. म्हनलं, दोन दिवसांनी काढू. राहून गेलं. तुमी रोग म्हनाल्या, मंग मी केबलीकडं बघितलंच नाय.”

त्यांच्या बोलण्यात दोषारोप नव्हता. पण चौथं हरण माझ्या शब्दावर मेलं होतं. रिपोर्टात माझं नाव लिहा, असं नाना म्हणाले. नोकरी जाईल, असं मी म्हटलं, तर त्यांना त्याची फिकीर दिसली नाही. गावात कुत्री सुटली आहेत, ती आधी थांबवा, एवढंच त्यांचं म्हणणं. पत्र पाठवते, असं मी म्हटलं.

“तोंडानं सांगितलेलं तोंडानंच मोडावं लागंल, म्याडम. दुपारी हरनं परत पान्यावर येतील.”

त्यांच्याच मोटारसायकलवर आम्ही गावात गेलो. ग्रामपंचायतीसमोर मेंढपाळ आणि शेतकरी जमले. नाना पुढे झाले आणि म्हणाले, हरणं माझ्या केबलीनं मेली, रोगबिग काही नाही. मग ते बाजूला सरकले. माझ्या वाटणीचं त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं. मी कशीबशी म्हणाले, की न तपासता बोलले, चूक माझी. मग एक म्हातारा मेंढपाळ उठला, कुत्र्याच्या मानेला दोरी बांधू लागला, आणि बाकीचेही उठले.

नानांची नोकरी गेलीच. मालकाला मात्र नवी केबल आणि नवं यंत्र बसवावं लागलं. नाना सायखेड्याला मुलीकडे राहायला गेले आणि शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देऊ लागले. मी अधूनमधून जायची. जनावरांवरचे माझे चुकलेले अंदाजही त्यांना सांगायची, आणि ते न हसता ऐकून घ्यायचे. या हिवाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

भेटायला गेले तर नानांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, “तुमचंच नाव घ्यायचे. म्हनायचे, त्या दिशी म्याडम संगं व्हत्या म्हून तोंड उघडलं, न्हाईतर गावापुढं बोलायची माझी काय छाती?”

मी म्हटलं, काकू, खरं सांगू का, मी त्यांच्या पाठीमागे लपून उभी होते. ते बोलले नसते तर मी तिथून पळाले असते.

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “म्हंजी तुमी दोघंबी एकमेकाच्या जिवावर बोलला.”