कुवेतहून घणसोलीला पोचलेलं चित्र

नवी मुंबईला फिरायला कोण जातं? आमच्या साताऱ्याकडची माणसं तिकडे जातात ती पाहुण्यांकडे, नाहीतर नोकरीला. या ब्लॉगवर मी आजवर किल्ले, घाट आणि मिसळीची दुकानं यांच्यावरच लिहीत आलो. पण मध्यंतरी एका वाचकाने विचारलं, "काका, सगळ्यात लक्षात राहिलेला प्रवास कुठला?" उत्तर लिहायला बसलो तर एकही किल्ला आठवेना. आठवले ते १९९४ च्या जानेवारीतले नवी मुंबईतले चार दिवस. आता इतकी वर्षं झाली, लिहायला हरकत नसावी.

तेव्हा मी साताऱ्यात एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. वय छत्तीस, लग्न झालेलं नाही. अरविंद माझा कॉलेजातला मित्र, माझ्याहून चौपट चांगला हात असलेला. तो बायकोला घेऊन कुवेतला गेला आणि तिथल्या एका शाळेत ड्रॉइंग टीचर झाला. त्याची बायको वसुधा. मित्राची बायको म्हणून मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊजी. त्यापलीकडे काही म्हणायची सोय नव्हती.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. हजारो भारतीय मिळेल त्या वाहनाने जॉर्डनमधलं अम्मान गाठून तिथून विमानाने मुंबईला आले. त्यांत वहिनी होत्या, अरविंद नव्हता. त्याचा पासपोर्ट शाळेने ठेवून घेतलेला, तो तिथे कुणाच्या तरी कपाटात अडकला होता. "तू पुढे हो, आठ दिवसांत आलोच," असं म्हणून त्याने त्यांना शेजाऱ्यांबरोबर बसमध्ये बसवून दिलं. त्यानंतर त्याचं ना पत्र, ना फोन. लढाई संपल्यावर शेजारी परत गेले तर फ्लॅट धुऊन नेलेला. सैनिकांनी पंखेसुद्धा काढून नेले होते. अरविंद नव्हता आणि त्याचं चित्रही नव्हतं.

हे चित्र म्हणजे आरशात बघून रंगवलेला तो स्वतः. वहिनी निघाल्या तेव्हा अर्धवट होतं, नुसता चेहरा झाला होता. अरविंदला कॉलेजपासूनची एक सवय. ज्या दिवशी चित्राला ब्रश लावायचा त्या दिवसाची तारीख मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने लिहायची. आम्ही त्याला 'कॅलेंडर' म्हणायचो. वहिनींचं म्हणणं साधं होतं. चित्र मिळालं तर शेवटची तारीख बघता येईल, निदान तो केव्हापर्यंत होता एवढं तरी कळेल. वहिनी साताऱ्याला सासरी राहत होत्या. सासरची माणसं म्हणत होती, आता विधी उरकून घेऊ. वहिनी म्हणत होत्या, तारीख कळल्याशिवाय नाही.

मग ९३ च्या दिवाळीनंतर त्याच शेजाऱ्यांचं पत्र आलं. त्यांना ते चित्र दोनेक वर्षांपूर्वी शारजाच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात दिसलं होतं. पैसे घेऊन परत गेले तोवर दुकानदाराने सगळा माल कंटेनरात भरून न्हावा शेवाला रवाना केला होता. हे सांगून वहिनींना उगाच आशेला का लावा, म्हणून ते इतके दिवस गप्प राहिले होते. दुकानदाराकडून घेतलेला कंटेनरचा नंबर मात्र त्यांनी जपून ठेवला होता. वहिनी ते पत्र घेऊन शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, याल का बरोबर?" मी त्यांच्यासमोरच रजेचा अर्ज लिहिला.

एक गोष्ट आत्ताच कबूल करतो. मला ते चित्र मिळायला नको होतं. शोध चालू होता तोवर वहिनी पत्रं दाखवायला, लिहून घ्यायला माझ्याकडे येत होत्या. शोध संपल्यावर त्या कशाला येतील?

सकाळची पहिली एसटी पकडली. एक्स्प्रेसवे तेव्हा नव्हता. पुण्यानंतर जुन्या रस्त्याने, ट्रकांच्या मागे मागे, खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली आणि पनवेल. तुर्भ्याला उतरेपर्यंत सात तास गेले. तिकीट किती होतं ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की वहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती आणि तो डबा आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर होता. लोणावळ्याला मी तो उचलून वर रॅकवर ठेवला. घाट उतरल्यावर त्यांनी दशमी काढायला म्हणून डबा खाली घेतला आणि पुन्हा मध्ये ठेवला.

उतरायची सोय वहिनींच्या मामांकडे होती. मामा कोरेगावकडचे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पोती वाहून मान खांद्यांत बसलेली, पण आवाज खणखणीत. कोपरखैरण्याला त्यांची खोली होती. "मास्तर, हितं समदा आपला साताराच हाय," ते मला म्हणाले. "वसू, तू काय बी काळजी करू नगंस. चित्र जमिनीवर आसंल तर गावतंय." मामींनी बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. जेवण साताऱ्यासारखंच, पाणी मात्र मचूळ.

दुसऱ्या दिवशी न्हावा शेवा. पनवेलहून उरणची एसटी घेतली. गव्हाण फाट्यावर कंडक्टरने "उलवेवाले उतरा" म्हटलं तेव्हा दोन बायका टोपल्या घेऊन उतरल्या आणि शेतांत दिसेनाशा झाल्या. आज त्याच बाजूला टॉवर उभे आहेत आणि विमानतळही. तेव्हा कापून झालेली भातखाचरं होती, मिठागरं होती आणि वारा. करळ फाट्यावर उतरून रिक्षा केली. पुढे रस्ताभर कंटेनर एकावर एक रचलेले. वहिनी प्रत्येक नंबर ओठांतल्या ओठांत वाचत होत्या.

मामांच्या ओळखीचा एक कारकून कस्टम्सच्या एजंटकडे होता. पत्र्याच्या ऑफिसात चार माणसं आणि बाहेर दहा ड्रायव्हर. वहिनी बाहेर झाडाखाली बसल्या, मी आत गेलो. कारकुनाने नंबर बघून तीन रजिस्टरं पालथी घातली.

"साहेब, हा कंटेनर कोणी सोडवायला आलाच नाय. लिलावात गेला. जुनं फर्निचर, त्याचं टेन्शन कोण घेणार? घणसोलीच्या म्हात्रेंनी सगळा लॉट उचलला. जुन्या सामानाचा धंदा आहे त्यांचा. गावात जाऊन कोणाला पण विचारा." त्याने पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला.

घणसोली म्हणजे मामांच्या खोलीपासून चालत अर्धा तास. संध्याकाळपर्यंत चित्र हातात आलं असतं. मी चिठ्ठी खिशात घातली आणि बाहेर आलो. वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. मी म्हणालो, "रजिस्टर मिळत नाहीये. परवा सांगतो म्हणाला."

तिसरा दिवस मी असा चोरला.

त्या दिवशी वाशीला गेलो. मामी येणार होत्या, पण त्यांच्याकडे पाहुणे टपकले. पाहण्यासारखं काही आहे का, असं तुम्ही विचाराल तर तेव्हा नव्हतं. रुंद रस्ते, त्यांवर माणसं कमी, अर्ध्या बांधलेल्या सोसायट्या आणि खाडी. आम्ही खाडीकाठच्या बांधावर बसून ओले हरभरे सोलून खाल्ले. वहिनी अरविंदबद्दल बोलत होत्या, पण त्याच्या जाण्याबद्दल नाही. कुवेतमध्ये त्याने पहिल्यांदा पुरणपोळी केली तेव्हा पुरणाऐवजी खजूर भरला, ते सांगताना त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, तुम्ही लग्न का नाही केलंत?"

"आधी पगार कमी होता."

"आणि आता?"

"आता वय जास्त आहे."

"मधे कुठेतरी बरोबर जमलं असेल की."

"त्या दिवशी मी रजेवर होतो," मी म्हणालो, आणि त्या पुन्हा हसल्या. भरती येत होती. खिशातली चिठ्ठी मला सारखी टोचत होती आणि तरीही तो दिवस संपू नये असंच वाटत होतं. मी त्यांच्यावर प्रेम करत होतो. हे शब्द मी आयुष्यात आज पहिल्यांदा लिहितोय.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी चिठ्ठी पुढे केली. "पत्ता मिळाला." त्यांनी ती मऊ पडलेली घडी उलगडली, वाचली आणि चप्पल घातली.

घणसोली गावात शिरलं की घरं एकमेकांना खेटूनच उभी. ओट्यांवर सुकत घातलेला जवळा, दोन भिंतींच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. आज तिथे जायचं तर घणसोली स्टेशनवरून रिक्षा मिळते, पण गावठाणात पायीच हिंडावं. म्हात्र्यांच्या दाराशी सोफे, आरसे, अरबी अक्षरांचा एक फ्रीज. म्हात्रे माल आणायला गेले होते. त्यांच्या बायकोने आत बोलावलं. पन्नाशीच्या बाई, हातात हिरवा चुडा, बोलणं मोकळं.

समोरच्या भिंतीवर म्हात्र्यांच्या आईवडिलांचे फोटो होते आणि त्यांच्या शेजारी अरविंद होता. त्याच्या गळ्यात चंदनाचा हार होता. खाली उदबत्ती जळत होती.

वहिनींनी दाराची चौकट धरली. मीच विचारलं, "हे कोण?"

"ठाव नाय," बाई म्हणाल्या. "सामानाबरोबर आयला. येवढा मोठा फोटो जित्या मानसाचा कोन लावतो? आमी समजलो, कुनाचा तरी गेलेला मानूस हाय. आपले घरान आयला, त उपाशी कसा ठेवाचा? सर्वपित्रीला सासऱ्यांबरोबर याचं पन पान वाढतो. तिथी ठाव नसली तरी त्या दिवशी चालतं."

तीन वर्षं वहिनींनी जे घरच्यांना करू दिलं नाही, ते या घरात माहीत नसलेल्या माणसासाठी मायेने चाललं होतं. वहिनी हळूच म्हणाल्या, "हे माझे यजमान. गेले असं अजून कोणी सांगितलेलं नाही."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "जित्या मानसाला हार घातला मी? चुकी झाली, बाय, माजी मोठी चुकी झाली." त्या स्टूल घ्यायला धावल्या. वहिनींनी त्यांचा हात धरला. "थांबा. आधी मागे बघू दे."

मी चित्र हारासकट उतरवलं आणि मागची बाजू वर करून दिवाणावर ठेवलं. पट्टीवर पेन्सिलीच्या तारखा होत्या. ऑगस्टपर्यंतच्या वहिनींना पाठ होत्या. त्यापुढे सप्टेंबरातल्या सहा, ऑक्टोबरातल्या चौदा, नोव्हेंबरातल्या दोन. त्यानंतर कोरं लाकूड. वहिनींनी शेवटच्या तारखेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"म्हणजे इथपर्यंत," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "भाऊजी, तुम्हीच सांगा. हार राहू दे का?"

मी नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता, साताऱ्याला जाऊन विधी झाले असते आणि वर्षा-दोन वर्षांनी मला काहीतरी बोलता आलं असतं. पण चित्र उतरवताना मी ते पाहिलं होतं, आणि माझा धंदाच तो. हात पूर्ण झाले होते. नखांवरचा उजेडसुद्धा रंगवला होता. खाली कोपऱ्यात सही होती, आणि अरविंद चित्र पुरं झाल्याशिवाय सही करत नसे. सही केल्यावर त्या चित्राला पुन्हा हात लावत नसे.

"वहिनी," मी म्हणालो, "चित्र पुरं झालंय म्हणून तारखा थांबल्यात. तो थांबला म्हणून नाही. यातून काहीच कळत नाही."

त्या खाली बसल्या आणि रडल्या. बाईंनी त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच काढा मग." मी हार काढला. हलका होता, सालीसारखा. तो मी बाईंच्या हातात दिला.

बाईंनी पैशाचं नावही काढू दिलं नाही. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली, चित्र जुन्या चादरीत बांधलं आणि निघताना म्हणाल्या, "यंदापासून पान नाय वाढनार. तो आयला त जेवाला घेऊन या."

परतीच्या एसटीत चित्र दोघांच्या गुडघ्यांवर आडवं होतं. लोणावळा मागे पडल्यावर वहिनींनी विचारलं, "ती चिठ्ठी न्हावा शेवालाच मिळाली होती ना?"

"हो."

"मला वाटलंच." मग पुणं सोडल्यावर, खिडकीबाहेर बघत, "एक दिवस मलाही हवा होता."

त्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही, नंतरही नाही.

अरविंद अजून आलेला नाही. वहिनी साताऱ्यातच असतात, सत्तरीकडे झुकल्या आहेत, कुंकू लावतात. मी रविवारी जातो. चहा होतो, कधी जुन्या गोष्टी निघतात, मी साडेसहाला उठतो. चित्र बैठकीत आहे आणि मला बसायला नेहमी त्याच्यासमोरची खुर्ची मिळते. वाचक विचारतील, चार दिवसांत मिळालं काय? मला जे हवं होतं ते मिळालं नाही, आणि ते हवंसं वाटणं आजही कमी झालेलं नाही. पूर्वी लोकांसमोर मी तोंडदेखलं म्हणायचो की अरविंद यायला हवा. आता तो खरोखरच यावा असं वाटतं. तुझ्या गळ्यातला हार मी काढला आणि ते मला फार जड गेलं, हे त्याच्याशिवाय मी दुसऱ्या कोणाला सांगणार?