बिनगोळीचा गुडघा

"झीज सुरू झालीय," हाडांचे डॉक्टर म्हणाले. माझ्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे त्यांनी उजेडाच्या पेटीवर लावला होता. "ही फट बघा. डाव्या गुडघ्यात जेवढी आहे, तेवढी उजव्यात नाही. याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. अजून पहिली पायरी आहे, घाबरू नका."

ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्यात दोन हाडांच्या मधे जी गुळगुळीत गादी असते, ती झिजणं. त्यातच माझी गुडघ्याची वाटीही आतून घासून सुजली होती. डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "जेवणानंतर एक गोळी. दोन आठवडे घ्या, सूज उतरेल."

मी म्हणालो, "डॉक्टर, मला किडनी द्यायचीय."

पेन थांबलं.

"कुणाला?"

"बहिणीला."

त्यांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली. थोडं थांबून परत एकदा मारली. "मग या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या तुम्हाला नाहीत. त्या किडनीवर ताण आणतात. आत्ता नाहीत, आणि किडनी दिल्यावर तर जन्मभर नाहीत. गुडघा तसाच सांभाळावा लागेल."

अंबाजोगाईच्या त्या दवाखान्यातून मी लंगडत बाहेर आलो. किडनी द्यायची तर आधी वजन कमी करायला पाहिजे, वजन कमी करायचं तर चालायला पाहिजे, आणि चालायचं तर गुडघा पाहिजे. पायरीवर बसून मी दोन्हीकडून विचार केला. कुठूनच वाट दिसेना. बसवतही नव्हतं. उठलो, आणि दुखत्या पायानं स्टँडपर्यंत चालत गेलो.

मी केज तालुक्यातल्या युसूफ वडगावचा. पिठाची गिरणी चालवतो. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं, डबे उचलायचे. उभ्यानं काम करणाऱ्याचं वजन वाढत नसतं, असा माझा समज होता. वय त्रेचाळीस, वजन शहाण्णव किलो.

माझी धाकटी बहीण उज्ज्वला घाटनांदूरला दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणजे किडनीचं रक्त गाळायचं काम मशीननं करायचं. दाजींना शुगर, ते देऊ शकत नव्हते. आईचं वय झालेलं. राहिलो मी. रक्तगट जुळला तेव्हा मला वाटलं, झालं काम.

संभाजीनगरच्या हॉस्पिटलातल्या किडनीच्या डॉक्टरांनी माझे सगळे रिपोर्ट वाचले आणि म्हणाले, "किडनी उत्तम आहे. पण तुम्ही नापास. तुमचा बीएमआय जास्त आहे."

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा. एवढ्या वजनात ऑपरेशनला धोका असतो, आणि पुढं शुगर-बीपी लागलं तर राहिलेली एकटी किडनीही जायची. "ऐंशीच्या आसपास या. सावकाश या. मग बघू."

सावकाश हा शब्द मी ऐकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी केजच्या डांबरी रस्त्यानं निघालो. आधी चालत, मग चार दिवसांत पळत. मोबाईलवर बघून दोरीच्या उड्या, उठाबशा. गिरणीत दळण चालू असलं की जागेवरच पाय हलवायचो. आयाबाया डबे घेऊन यायच्या आणि हसायच्या. पहिले सहा किलो भराभर गेले. मी मनात हिशोब मांडला, या चालीनं दिवाळीच्या आत ऑपरेशन.

गुडघा आधी पायऱ्या उतरताना बोलायला लागला. मग बसून उठताना. मग संडासला बसणं अवघड झालं. एका सकाळी उठलो तर गुडघा फुगून मांडीच्या सरळ रेषेत आला होता, वाटी कुठं ते कळेना. तेव्हा मी वर सांगितलेल्या डॉक्टरांकडं गेलो.

त्यांनी मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडं पाठवलं. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामानं आणि शेकानं केलेला उपचार. बाई माझ्यापेक्षा खूप लहान, पण बोलायला खमक्या. मी काय काय करतो ते त्यांनी ऐकून घेतलं. "पळणं बंद. उड्या बंद. उठाबशा बंद. सूज उतरेपर्यंत चालणंही घरातल्या घरात."

"मग वजन कसं उतरणार?"

"वजन ताटात उतरतं, दादा. व्यायाम मदतीला असतो. आणि गुडघा मांडीच्या जोरावर चालतो, म्हणून आधी मांडी घडवायची."

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि पाय ताणून ती दाबायची. दहा आकडे म्हणेपर्यंत दाबून धरायची, सोडायची. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. फडक्यात बर्फ बांधून शेक. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही विचारून. एवढंच. मला हे पोरखेळ वाटले. माझी बहीण मशीनला लागलीय आणि मी टॉवेल दाबत पडलोय.

त्या पडून राहण्याच्या दिवसांत मी सगळ्यांना नको झालो. गिरणीत स्टुलावर बसायचो, उठायचो, परत बसायचो. बायकोवर ओरडायचो. वजनकाट्यावर दिवसातून चारदा उभा राहायचो. काटा एक किलोनं वर गेला तेव्हा मी भाकरीच सोडली, आणि दुपारी दळण घालता घालता चक्कर येऊन पोत्यावर बसलो. माझी बायको रेखा भाजी-भाकरीचं ताट घेऊन गिरणीतच आली. "खावा आधी. उपाशी माणसाची किडनी घेत न्हाईत."

डायलिसिसच्या दिवशी उज्ज्वलाला मीच घेऊन जायचो. ती आत, मी बाहेर. तिथल्या बाकावर मला कधी बसता आलं नाही. इकडून तिकडं, तिकडून इकडं. हळूहळू तिथली माणसं ओळखीची झाली. कुणाचा बाप, कुणाची सून, एक पिंपळ्याचे गुरुजी, तेही मशीनला लागलेले. एका सोमवारी गुरुजींची खुर्ची रिकामी होती. ते गेले, हे न सांगताच सगळ्यांना कळलं.

आतून उज्ज्वलानं हाक मारली. नर्सनं मला दोन मिनिटं आत जाऊ दिलं.

"दादा, कावून येरझाऱ्या घालतोस? लंगडतोयस ते काचेतून दिसतंय मला."

"काय न्हाई. पाय आखडलाय."

"मला येडी समजू नकोस. त्या गुरुजींचं बघून तुला भ्या वाटलंय. मला बी वाटलंय. पर तू पळून ते जाणार हाय का?"

मी तिची चादर सारखी केली आणि बाहेर आलो. घरी येताना मात्र मनात एकच होतं, वेळ नाही. दुसऱ्या पहाटे कुणाला न सांगता मी रस्त्याला लागलो. सूज बरीच उतरली होती, म्हणून पळालो. परतीच्या वाटेवर गुडघा अडकला. पाय ना सरळ होईना ना वाकेना. रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. एका दूधवाल्यानं मोटारसायकलवरून घरी आणलं.

हे उज्ज्वलाच्या कानावर गेलं. रेखानंच घातलं असणार. उज्ज्वलाचा फोन आला.

"दादा, ऐक. तू पुन्हा पळालास तर मी किडनी घेणार न्हाई. सही माझी लागती, तुझी एकट्याची न्हाई."

"उज्जू, उशीर झाला तर?"

"झाला तर झाला. पर तुला लंगडा करून मला जगायचं न्हाई. माझ्या जिवाचं ओझं तुझ्या गुडघ्यावर देऊ नकोस."

तिनं फोन ठेवला. मी अंगणात बसलो होतो. खरं सांगायचं तर मला राग आला. मी हिच्यासाठी मरतोय आणि ही मलाच दटावते. पण त्या दिवसापासून मी पळालो नाही, हेही खरं.

मी परत त्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडं गेलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पोहता येतं का?"

आमच्याकडं कुणाला येत नाही? पण लग्नानंतर विहिरीत उतरलो नव्हतो. माझा लहानपणचा दोस्त मुस्तफा, त्याची गावाबाहेर सीताफळाची बाग आहे. बागेत बांधीव पायऱ्यांची विहीर आहे. पाण्यात अंगाचं वजन गुडघ्यावर पडत नाही, म्हणून ती विहीर माझा दवाखाना झाली. बाईंनी एवढंच बजावलं होतं की पाय बेडकासारखे फाकवून मारायचे नाहीत, त्यानं गुडघा पिळवटतो. पाय सरळ ठेवून मांडीपासून हलवायचे. आणि एकट्यानं उतरायचं नाही.

पहिल्या दिवशी काठावर उभा राहून मी पाण्याकडं नुसता बघत होतो. पोट पाहून मुस्तफा हसला. "उतर बे! पाणी काय तुला खातंय का? पाण्यालाच तुझं भ्या वाटायला पायजे."

तो रोज काठावर बसून राहायचा. माझ्यापायी त्याची सकाळची कामं मागं पडायची. मी म्हटलं की म्हणायचा, "गप पोह. बोलण्यानं वजन कमी होत न्हाई."

पाण्यात असलो की तेवढा वेळ माझ्या डोक्यातली घाई थांबायची. बाहेर आलो की परत सुरू. वजन आता आठवड्याला अर्धा किलो, कधी पाव, कधी काहीच नाही. रेखानं ताट बदललं. दोन भाकरीची एक झाली, अर्ध्या ताटात भाजी आणि काकडी, डाळ वाटीभर, गिरणीतला दुपारचा चहा-फरसाण बंद. टॉवेलचा व्यायाम मी गिरणीतच पोत्यांवर पडून करायचो. काही महिन्यांनी एक दिवस मी पायऱ्या उतरून विहिरीत गेलो आणि कठड्याला हात लावला नव्हता, हे मुस्तफानं मला सांगितलं.

मधे उज्ज्वलाच्या छातीत पाणी साठलं, तिला आयसीयूत ठेवावं लागलं. त्या तीन रात्री मी माझ्या वजनाला, गुडघ्याला, सगळ्यालाच शिव्या दिल्या. पण पळालो नाही. सकाळी विहिरीवर गेलो आणि पोहताना रडलो. पाण्यात कळत नाही.

काटा ऐंशीवर आला तेव्हा उन्हाळा लागला होता. परत संभाजीनगर. परत सगळ्या तपासण्या. क्रॉसमॅच म्हणजे माझ्या पेशी आणि तिचं रक्त एकमेकांशी भांडतात का, ते बघणं. भांडले नाहीत. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी रेखाला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

रेखा कधी डॉक्टरांपुढं बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "यांचा गुडघा पुढं लई दुखला तर? गोळी चालणार न्हाई म्हणता. मग काय करायचं?"

डॉक्टरांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "दुखेल, ताई. वय वाढेल तसा जास्त दुखेल. साध्या गोळ्या, शेक, व्यायाम, अगदीच वेळ आली तर ऑपरेशन, एवढंच हाताशी राहील. वजन परत वाढू दिलं तर त्रास दुप्पट. हे मान्य असेल तरच सही करा."

रेखानं माझ्याकडं पाहिलं. किडनी देणाऱ्याच्या बायकोचीही सही लागते, तो प्रश्न माझा नव्हता. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "शेकू मग. घरात चूल हाय," आणि सही केली.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा पोटात ओढ होती, तोंड कोरडं होतं, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळानं कळलं. गुडघा दुखत नव्हता! ऑपरेशनसाठी दिलेल्या जालीम औषधांनी तोही गप्प झाला होता. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच. किडनी काढल्याच्या दिवशी मी गुडघ्याचं सुख भोगत होतो. हसू आलं, आणि हसल्यावर टाके ओढले.

एक तरुण डॉक्टर सांगायला आले. "तुमची किडनी तिकडं टेबलावरच कामाला लागली. ताईंना लघवी सुरू झालीय."

निरोगी माणसाला यात काय आनंद, ते कळणार नाही. ज्याच्या घरी डायलिसिसचं माणूस आहे, त्याला कळेल.

तुमच्यापैकी कुणाला वजन उतरवायचंय आणि गुडघा आडवा येतोय, त्यांना मी एवढंच सांगेन की दुखणं सुरू झालं त्याच आठवड्यात दाखवा, माझ्यासारखा गुडघा फुगायची वाट बघू नका. मेडिकलमधून मनानं गोळी आणू नका, किडनी द्यायची नसली तरीही. घाई मला कळते. घाई कुणाच्या सांगण्यानं जात नाही, माझीही गेलेली नाही. अजून उज्ज्वलाचा रिपोर्ट यायचा असला की मी गिरणीत येरझाऱ्या घालतो. थंडीत गुडघा ठणकतो, रेखा विटेचा तुकडा तापवून फडक्यात बांधून देते.

मागच्या महिन्यात आम्ही लिंबागणेशला गणपतीला गेलतो. उज्ज्वलाला गर्दी चालत नाही, म्हणून चतुर्थी टाळून साध्या वारी, तोंडाला मास्क लावून. गाडी लांब उभी केली. उज्ज्वला आणि रेखा बोलत बोलत पुढं निघाल्या. गाडीत बराच वेळ बसल्यानं माझा पाय आखडला होता, मी मागं पडत गेलो.

उज्ज्वला वळली. "दादा, ये की लवकर! कावून थांबलास?"

"तू हो पुढं. येतो मी."

ती थांबली नाही. रेखाचा हात धरून भराभर चालत राहिली, कुठंही दम न खाता. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो.