कोरियाचे मांडे

लष्करी दवाखान्याच्या भटारखान्यात तीन वर्षं काढून सयाजी चोपन्न साली कोरियाहून परतला. पिंपरी गावानं त्याला आठ दिवस डोक्यावर घेतलं आणि नवव्या दिवशी तिकडं त्याच्या पोटात काय काय गेलं याची चौकशी सुरू केली. चूक त्याचीच. पारावर बसून तिकडच्या 'मांडू'चं, त्या सारण भरून उकडलेल्या करंजीचं, कौतुक करायची काही गरज होती का? लोकांनी ऐकलं 'मांडे', आणि त्या मांड्यांत पुरणाऐवजी काय असेल ते ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरलं.

त्याची धाकटी बहीण इंदू महिनाभर मनात मांडे खात होती. तळेगावच्या कोंडाजीरावांच्या मुलाशी तिची सुपारी फुटली होती. आता भावाचे मांडे तिच्या मुळावर आले. कोंडाजीराव थेट घरी येऊन ओसरीवर बसले, पाण्यालाही शिवले नाहीत.

"ते मांडे माझ्यासमोर कर. काय असतं त्यात ते बघतो, मग बोलू."

गोजाबाईनं लेकाला चुलीपाशी गाठलं. "कोबी घाल. तिकडं बी कोबीच व्हता म्हणायचं. पोरीला हळद लागायची हाय, कळलं?"

सयाजीनं मान हलवली आणि परात घेऊन ओसरीवर बसला. चाळलेली कणीक त्यानं घट्ट मळली. कोबी, कांद्याची पात आणि ठेचलेला लसूण कालवला. पातळ पुरीत सारण भरून करंजीसारखी कड दाबायची आणि दोन्ही टोकं ओढून एकमेकांना चिकटवायची. पहिला मांडू फाटला, दुसराही फाटला. कोंडाजीरावांची नजर त्याच्या बोटांवरून हलत नव्हती. दाराआड इंदू उभी होती. पातेल्याच्या तोंडाला फडकं बांधून त्यानं मांडू उकडायला ठेवले.

ताट समोर आलं. कोंडाजीरावांनी एक मांडू फोडून पाहिला. "कोबीच हाय की!" त्यांचा चेहरा सैलावला. गोजाबाईनं देवाला हात जोडले.

"तिकडं बी ह्येच व्हतं न्हवं?" कोंडाजीरावांनी विचारलं.

'व्हय' म्हणायचं होतं. दोन अक्षरं! पण सयाजीला कोरियातली ती म्हातारी दिसली. तुकडीशी चुकामूक होऊन तो दोन दिवस बर्फात उपाशी भटकला होता, आणि छप्पर उडालेल्या घरात तिनं आपल्या वाटणीचं मांडूंचं ताट त्याच्यापुढं सरकवलं होतं. तिचं अन्न नाकारायला त्याची जीभ रेटेना.

"डुकराचं मांस व्हतं," तो म्हणाला. "पयला खाल्ला तवा म्हाईत नव्हतं. दुसरा मागून घेतला तवा म्हाईत व्हतं."

कोंडाजीरावांनी फोडलेला मांडू ताटात परत ठेवला. मग जोडे चढवताना त्यांचा आवाज चिरकला. "एवढं खोटं बोलायचं व्हतंस की रं. मला भावकीला तेवढंच सांगायचं व्हतं." आणि ते गेले.

गोजाबाईनं भिंतीला डोकं टेकलं. सयाजीला मान वर करवेना. इंदू बाहेर आली, रडून लाल झालेली. ती शिव्या देईल, ताट भिरकावेल असंच त्याला वाटलं. ती ताटापुढं मांडी घालून बसली, एक मांडू उचलून सावकाश खाल्ला.

"दादा, मीठ कमी झालंय," ती म्हणाली आणि खात राहिली.

सयाजी मीठ आणायला उठला आणि चुलीपाशीच ढसाढसा रडला.