मिल्यानं आणलेला परदेशी पिकअप

मिलिंद नऊ वर्षं माझ्याशी खोटं बोलला आणि मागच्या वर्षी आजच्याच दिवशी मरून गेला.

आता भांडायचं कोणाशी?

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोताळ्यात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेले शेतपंप भरून द्यायचा. आमच्या गायन पार्टीत मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, आणि जयंतीचा कार्यक्रम असो की लग्नाचा, साउंड आणि जनरेटर मिल्याकडे.

माझ्या गिटारला एकच रोग होता. जनरेटर सुरू झाला की भुणभुण.

"पिकअप बदल," मिल्या म्हणाला. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली कॉइल, तारांचा आवाज पकडून अँपकडे पाठवणारी. "हंबकर टाक. त्यात दोन कॉइल असतेत, एकमेकीच्या उलट्या. भुणभुण आपसातच मरते."

मग महिनाभर आम्ही दोघं त्याच्या दुकानात. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. मोबाइलवर हंबकर ऐकतोय आणि भांडतोय.

मला दणदणीत हवा होता. तो जुन्या, व्हिंटेज धाटणीच्या आवाजावर अडून बसला.

"तारेचे जास्त वेढे भरले का आवाज जाड होते बे. गाणाऱ्याचे शब्द दाबते. आपल्या गाण्यात शब्दच तं हायेत."

पटलं. व्हिंटेजच ठरला.

मग तो हळूच म्हणाला, "मीच भरून देऊ का?"

दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर मी खो खो हसलो.

"मिल्या, पाच एचपीची मोटार हाय का बे हे? तू आपले पंप भर."

तोही हसला. मला वाटलं, विषय संपला.

पुढे काही दिवसांनी दोन हंबकरांचा सेट घेऊन आला. "पुण्याच्या एका कलाकारानं काढून ठेवला होता. अस्सल परदेशी. फुकट भेटला." स्वतःच सोल्डर करून बसवला, आणि वर मला दम दिला. "उघडू नोको बरं. जुना माल हाय, नाजूक असते."

काय आवाज होता राव! गोड, मोकळा. जनरेटर शेजारी धडधडतोय आणि गिटारमध्ये शांतता.

नऊ वर्षं मी त्या आवाजावर मिरवलो. पिंपळगाव राजा गावात एका गिटारवाल्याने विचारलं, सेट कुठला? मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं. परदेशी माल. कान तयार लागतो. गावठी हाताला हे जमत नाही.

मिल्या बाजूलाच केबल गुंडाळत होता.

मागच्या महिन्यात उंद्रीच्या कार्यक्रमात, ऐन गाण्यात, गिटारच्या मानेजवळचा पिकअप गप्प झाला. कंपनीचं नाव बघावं म्हणून घरी येऊन उघडला.

नाव नव्हतंच.

आत पांढऱ्या दोऱ्याने आवळून बांधलेली कॉइल. त्यावर लाल वॉर्निश. तो दोरा, ती गाठ, ते वॉर्निश मिल्याच्या दुकानातून निघालेल्या प्रत्येक मोटारीवर असायचं. त्या मोटारींवर बसून मी वर्षानुवर्षं चहा प्यायलोय.

तसाच मिल्याच्या घरी, वहिनींकडे गेलो. त्यांनी एकदा बघितलं.

"हे तं यायनंच भरलं होतं. वेढे म्या मोजले. तार तीनदा तुटली. भाऊ, तुमाले मालूम नाई?"

ढोलकीवाल्या बबनला फोन केला. "हाव, मालूम होतं ना."

सगळ्या पार्टीला माहीत होतं. मी छाती फुगवून लेक्चर द्यायचो आणि ही माणसं खाली मान घालून ऐकायची. अंगाची आग झाली. चीड आली, रडू आलं, दोन्ही.

वहिनींना सरळच विचारलं. "तो माझ्यावर हसायचा का?"

"नाई भाऊ. म्या म्हनलं होतं, सांगून टाका त्यायले. तं म्हने, नोको. सांगितलं तं त्याले आवाज खराब लागन."

हे जास्त लागलं. माझ्या कानाची इतकीच किंमत केली होती याने?

घरी आलो. दुसरा पिकअप, खालच्या टोकाला तारा टेकतात त्या ब्रिजजवळचा, अजून चालू आहे. तोही मिल्यानेच भरलेला. तीच गिटार, तोच अँप, इतकी वर्षं डोक्यावर घेऊन नाचलो तोच आवाज. मुद्दाम मिल्याला खोटं पाडायला वाजवला.

खोटं बोलणार नाही. थोडा कमी वाटला.



मिल्या, मी कसा आहे हे तुला त्या दिवशीच कळलं होतं, मी हसलो तेव्हाच. तरी नऊ वर्षं माझ्या केबल गुंडाळत राहिलास. एकदा तोंडावर शिवी घालायची होतीस. दोन दिवस तोंड फुगवून बसलो असतो, तिसऱ्या दिवशी दुकानात आलो असतो. तेवढा तरी भरवसा ठेवायचा होतास.

राग गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही.

आज संध्याकाळी विहारात तुझ्या आठवणीचा कार्यक्रम आहे. उरलेल्या एका पिकअपवर वाजवणार आहे. सेट कुठला, असं कोणीच विचारणार नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. तरी माइक हातात घेऊन मीच सांगणार आहे.

जयभीम, मिल्या.