चौकातला उलटा व्हॉल्व्ह

आम्ही रस्त्यात तिसरा खड्डा खणत होतो, तेव्हा मी रजेवर होतो. डोक्याला रुमाल, पायात मुलाचे जुने बूट, हातात कुणीतरी आणून दिलेला चहा. कोळीवाड्यात दोन दिवस पाणी नव्हतं आणि मी खूश होतो. आज लिहिताना लाज वाटते, पण होतो.

मी कोण ते आधी सांगतो. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या एका पाणीपुरवठा योजनेवर मी शाखा अभियंता. काम म्हणजे डोंगराकडच्या टाकीतलं पाणी खाली समुद्रकाठच्या शेवटच्या घरापर्यंत पोचतंय ना, ते बघणं. शेवटची घरं कोळीवाड्याची. पाइपलाइनच्या अशा शेपटाला आमच्यात टेल एंड म्हणतात. वरच्या गावात कुणी वाडीला नळी लावून विसरलं की शिक्षा टेल एंडला होते.

वय चोपन्न, नोकरी सत्तावीस वर्षं, गुडघे त्याहून जुने. स्वेच्छानिवृत्तीची तीन महिन्यांची नोटीस मी दिली होती. दिल्यापासून चैन नव्हतं. सकाळी वाटायचं, सुटलो. जेवण झालं की वाटायचं, आपण गेलो की ही योजना बसणार. पाच वाजेपर्यंत दोन्ही इतक्या वेळा वाटून व्हायचं की डोकं धरायचं.

आमचे उपअभियंता साहेब कमी बोलतात. म्हणाले, "म्हात्रे, नोटीस मागे घ्यायची असेल तर पुढल्याच्या पुढल्या सोमवारपर्यंत सांगा. कागद वर गेला की माझ्या हातात काही नाही."

घरी सुषमाने वेगळा तोडगा काढला. "पंधरा दिवस रजा टाका. घरात मावताय का बघू. रंगीत तालीम समजा."

तालमीच्या पहिल्या चार दिवसांत मी घरातल्या सगळ्या नळांचे वायसर बदलले. एकही गळत नव्हता. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांचे बदलले. त्यानंतर त्यांचा एक गळायला लागला. सहाव्या दिवशी माझा फोन बिघडला असावा असं वाटलं, कारण ऑफिसातून एकही आला नव्हता. सुषमाच्या फोनवरून माझा लावून पाहिला. वाजला.

"उचला," ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि त्यांना सांगा, साहेब वाल पावटे सोलताहेत."

सातव्या दिवशी खरंच वाजला. तन्वी, आमची कनिष्ठ अभियंता. नोकरीला दोन वर्षं झालेली, नकाशे सगळे लॅपटॉपवर.

"सर, रजेत त्रास देतेय. कोळीवाड्याला प्रेशर कमी आहे. दहा हंड्यांऐवजी चार भरताहेत."

मी पाटावरून उठलो. "चौकातला सेक्शन व्हॉल्व्ह अर्धवट बंद असणार."

सेक्शन व्हॉल्व्ह म्हणजे लाइनचा एखादा तुकडा तोडायचा-जोडायचा मोठा नळ. रस्त्याखाली चेंबरमध्ये असतो, कमरेएवढ्या लोखंडी चावीने फिरवतात. वर्ष वर्ष कुणी हात लावत नाही. घरातल्या नळासारखाच तो उजवीकडे फिरवला की बंद होतो, डावीकडे उघडतो. फक्त चौकातला उलट्या आट्यांचा होता. फार पूर्वी कुठल्यातरी लॉटमध्ये एकच तसा आला आणि तिथे बसला. हे कुठल्या नकाशात नव्हतं. माझ्या डोक्यात होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

"तो उलटा आहे," मी आवाज जरा खाली आणून म्हणालो. "उजवीकडे फिरवायला सांगा. पूर्ण."

फोन ठेवून मी सुषमाला म्हणालो, "बघितलंस?"

"काय?"

"आता हे मी गेल्यावर कोण सांगणार?"

तिने पावट्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्याला चार हंडेही आले नाहीत. थेंब नाही. तन्वीचा पुन्हा फोन आला तेव्हा मी बूट घालतच होतो. पाइपात कुठेतरी काहीतरी अडकलंय, असं माझं निदान. प्रेशर वाढवलं म्हणून साचलेला गाळ सरकून बूच बसलं असणार. पहिला खड्डा देवळापाशी खणला. दुसरा बर्फाच्या कारखान्याजवळ. पाइप कापून बघितला, आत स्वच्छ, परत जोडला. तिसरा पुढल्या दिवशी मी पावलं मोजून दाखवला. लोक गोळा झाले, मी हातवारे केले. सत्तावीस वर्षांत मी इतका महत्त्वाचा क्वचितच दिसलो असेन.

खड्ड्याच्या कडेला यशोदाबाई बसून होती. सुकी मासळी विकणारी, बोलायला कुणाला न भिणारी. शेजारी तिचे तीन रिकामे हंडे.

"साहेब, तुमी रजेवर हाव ना?"

"हो. पण म्हटलं, जाऊन बघावं."

"मंग रजेवर र्‍हायलाव तर बरं. तुमी न्हवता तवा चार हंडे तरी यायचे."

लोक हसले. मीही हसलो, कारण मला वाटलं ती गंमत करतेय.

तन्वी ऑफिसात जुनी ड्रॉइंग शोधायला गेली होती. आली ती ड्रॉइंग न आणता. बगलेत एमबी होती. एमबी म्हणजे मेजरमेंट बुक. झालेलं प्रत्येक काम मोजून त्यात लिहायचं आणि अभियंत्याने जागेवर तपासून सही करायची. आमच्या खात्यात देवघरातल्या पोथीनंतर तिचाच मान.

"सर, जरा बाजूला येता?"

बर्फाच्या कारखान्याच्या सावलीत तिने पान उघडलं. चौक, जुना नादुरुस्त व्हॉल्व्ह काढून नवीन बसवणे, एक नग. तपासले. खाली माझी सही. गेल्या वर्षीची.

मला तो दिवस आठवला. म्हणजे काम आठवेना, सही आठवली. कॉन्ट्रॅक्टर टेबलासमोर बसला होता, गुडघा ठणकत होता, चेंबरपर्यंत जायचा कंटाळा आला होता. "झालंय ना नीट?" मी विचारलं होतं. "झालंय साहेब." सही.

"नवा उलटा आहे का सर?" तन्वीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं, हा तिचा मोठेपणा.

"नाही," मी म्हणालो. "आता तसे येतच नाहीत."

म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने तो अर्धवट उघडा सोडला होता, तेवढं माझं निदान बरोबर. वरच्या गावांनी पाणी जास्त ओढायला लागेपर्यंत ते कुणाला जाणवलं नव्हतं. आणि मी तो उजवीकडे पूर्ण फिरवायला लावून कोळीवाड्याचं पाणी स्वतः बंद केलं होतं. घरबसल्या, पावटे सोलता सोलता.

आमचा व्हॉल्व्हमन परशू चावी घेऊन आला. त्याला डावीकडे फिरवायला सांगितलं. तो थांबला.

"साहेब, परवा उजवीकडं बोलला होता."

"तुला फिरवताना शंका नाही आली?"

"आली. कडक झाला तवा वाटलं, काय तरी घोळ हाय." आणि चावी चेंबरात सोडत म्हणाला, "पन तुमी सांगितलं म्हंजे सांगितलं."

पाइपात घरघर सुरू झाली. पाऊण तासाने यशोदाबाईचे हंडे भरले. तिसरा खड्डा बुजवताना मी कुणाच्या चहाला हात लावला नाही.

त्या संध्याकाळी मी आधी ठरवलं की नोटीस मागे घ्यायची नाही, असल्या माणसाने घरीच बसावं. मग ठरवलं, घ्यायची. एवढा घोळ घालून पळून कसं जायचं? मागे घेण्याचा अर्ज लिहून शर्टाच्या खिशात ठेवला. दोनदा काढला, दोनदा ठेवला. सुषमाला गेल्या वर्षीच्या सहीचंही सांगितलं.

"तुम्ही निवृत्त कधी होणार हा प्रश्नच नाही," सुषमा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "झालायत. वर्ष झालं. ऑफिसला फक्त आता कळवलंत."

तेवढ्यात तन्वीचा फोन.

"सर, रागावू नका. तुमच्या डोक्यात असं आणखी किती आहे?"

"सगळंच."

"मग ते तपासून घ्यायला पाहिजे."

रजा रद्द करून आम्ही चार दिवस लाइन चाललो. टाकीपासून समुद्रापर्यंत, बावन्न चेंबर. परशू झाकण उचलायचा, मी माझ्या आठवणीतलं सांगायचो, परशू फिरवून बघायचा, तन्वी लिहायची. एका चेंबरात खेकडे होते, एकावर कुणीतरी तुळशीवृंदावन बांधलं होतं. बावन्नपैकी सात ठिकाणी माझी आठवण चुकली. एक व्हॉल्व्ह तर मी सांगितला तिथे नव्हताच. रस्ता रुंद झाला तेव्हा तो पलीकडे गेला होता. सातव्या चुकीला परशू म्हणाला, "साहेब, बावन्नात सात म्हंजे पास हाव." प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला तिने लाल रंगाने बाण काढला. उघडायचं कुठल्या दिशेला. सत्तावीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर बाण काढला की मला विचारायला कोण येणार, म्हणून सुचलं नसेल.

सोमवारी सकाळी सात वाजता, खिशात अर्ज घेऊन, मी ऑफिसच्या आधी कोळीवाड्यात गेलो. पाण्याची वेळ. यशोदाबाईचा आठवा हंडा भरत होता.

"कसं आहे पाणी?"

"बरा हाय. ती तुमची पोरगी येऊन गेली सकालीच. बान बी दाखवला आमाला." हंडा उचलून कमरेवर घेत तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आता तुमी न्हाय आलाव तरी चालंल, साहेब."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी बराच शोधला.

ऑफिसात साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मग म्हात्रे? मागे घेताय?"

"नाही साहेब. राहू दे."

"नक्की?"

"टेल एंडला विचारून आलोय."

त्यांना काही कळलं नाही. कागद वर गेला.

वेळेआधी निवृत्त व्हावं की नाही, हे लोक मला आता विचारतात, जणू मी त्यातला तज्ज्ञ. मी एवढंच सांगतो. सही करण्याआधी झाकण उघडून बघायचा कंटाळा यायला लागला की अर्ज लिहावा. मात्र देण्याआधी एकदा सगळी झाकणं उघडून यावं. मी आधी अर्ज दिला आणि मग झाकणं उघडली. तोही उलटाच बसला होता.