मेलेल्या काकांचा पत्ता

आमच्या काकांना आम्ही उज्जैनला शिप्रेच्या काठी जाळलं, तेव्हा काका चांगले जिवंत होते. आफ्रिकेतल्या एका बंदरावरच्या शहरात त्या दिवशी त्यांनी दोन्ही वेळा व्यवस्थित जेवण केलं असणार. हे मी सांगायला लागले की घरातले अजूनही म्हणतात, "जाऊ दे ना आता, कशाला उकरून काढतेस?" का नको काढू? उकरणारच!

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दोघंही इंदूरच्या एकाच कापड मिलमध्ये. बाबा टाइम ऑफिसात क्लार्क, काका विणाई खात्यात मास्तर. मी लहान असताना आफ्रिकेत नवीन मिल निघाली आणि इथल्या जाणत्या माणसांना तिकडून बोलावणं आलं. काका गेले. "दोन वर्षांत हिला बोलावून घेतो," असं सगळ्यांसमक्ष सांगून गेले. 'ही' म्हणजे काकू, तेव्हा जेमतेम बाविशीतली. सुरुवातीला पत्रं आली, मग विरळ झाली, मग बंदच पडली. बाबांनी दहा ठिकाणी चौकशी केली, मिलच्या साहेबांचे उंबरे झिजवले. काही कळलं नाही.

काकू मिलच्या पाळणाघरात कामाला लागली. खात्यात काम करणाऱ्या बायकांची तान्ही पोरं दिवसभर सांभाळायची आणि संध्याकाळी परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरी यायची. कपाळावर कुंकू ठसठशीत. हळदीकुंकवाची बोलावणी तिलाही यायची, पण ओटी भरताना बायकांचे हात अडखळायचे. एक बाई तर माझ्यासमोर आईला विचारते, "हिची भरायची ना? म्हणजे… काही कळलं का त्यांचं?" अगं भवाने, भरायची तर भर, नाहीतर सूप उचल आणि पुढे हो!

त्यात माझ्या मोठ्या भावाचं लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं. गुरुजी म्हणाले, घरातल्या कोणाला तरी गती मिळालेली नाही. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की तो गेला असंच धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस करायचे, म्हणजे वाट मोकळी. कोणाची वाट? माझ्या भावाच्या वरातीची! काकू एवढंच म्हणाली, "ते आहेत. मला माहीत आहे." बाबा रडले, पण पुतळा केलाच. डोक्याच्या जागी नारळ ठेवला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. काही बोलायला गेले तर आईने हात दाबून मला गप्प बसवलं. तेराव्याला लोक पोटभर जेवून गेले आणि वर्षाच्या आत भावाचं लग्न धूमधडाक्यात लागलं. त्या लग्नात काकू पूर्ण वेळ कोठीत बसून होती, लाडू मोजून ताटात लावत. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

पुढे मिलच बंद पडली. आमचीच नाही, एकामागोमाग बऱ्याच पडल्या. भोंगा थांबला, तरी बाबा सकाळी सवयीने डबा मागायचे आणि मग ओशाळून पेपर उघडायचे. मिलबरोबर पाळणाघरही गेलं. मग एका सकाळी काकूने घराची पुढची खोली झाडून काढली, जुन्या साड्यांच्या गोधड्या अंथरल्या आणि स्वतःचं पाळणाघर उघडलं. जमाना बदलून राहिला होता. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास, नवनव्या कंपन्यांची ऑफिसं, बायका दुचाकीवर बसून नोकरीला निघालेल्या. त्यांची पोरं सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. मी बँकेत होते, माझा मुलगाही तिथेच असायचा. काकूला इतक्या वर्षांत मी मोकळेपणाने हसताना पाहिलं नव्हतं. आता ती पोरांना मालवी बोलीत रागवायची आणि स्वतःच खळखळून हसायची. ती खोली तिची होती. घरात पहिल्यांदाच काहीतरी तिचं होतं.

आणि नेमकी तेव्हाच रिकाम्या बसलेल्या बाबांना भावाची आठवण छळायला लागली. "खरंच गेला असेल का गं तो?" घ्या! अग्नी देऊन झाल्यावर विचारतायत! पण मिल गेल्यापासून ते फार खचले होते, म्हणून मी शोधायचं मनावर घेतलं. सियागंजातले एक बोहरी व्यापारी आमच्या बँकेत यायचे. नळ-खिळे-कुलपांचं दुकान, आणि निम्मे नातेवाईक आफ्रिकेत. त्यांना काकांचं नाव, तिकडच्या मिलचं नाव आणि एक जुना फोटो दिला. ते म्हणाले, "अरे बाई, उधर तो अपने लोग हर गली में हैं. पूछ लेते हैं."

महिना-दीड महिन्यात त्यांनी दुकानात बोलावलं. "आपके काका तो जिंदा हैं, बाई." मग मान खाली घालून म्हणाले, "उधर घर भी बसा लिया था. वो बाई गुजर गई." माझ्या हातात फोन नंबर होता आणि मला आनंद व्हावा की संताप, कळेना. एवढं सोपं होतं? सियागंजात चहा पिता पिता सापडणारा माणूस, आणि आम्ही त्याचं तेरावं घालून बसलो!

मी बूथवरून फोन लावला. काका म्हणाले, "कोण? अच्छा, अच्छा. मोठी झालीस की." जसं काही परवाच भेटलो होतो. मग रडगाणं सुरू झालं. तिकडची मिलही बंद पडलीय, साखरेचा आजार आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, पोरं आपापल्या मार्गाने गेली. "इथे माझं करणारं कोणी नाही गं." बायकोचं साधं नाव काढलं नाही. ती आहे का, गेली का, तेही नाही! काचेच्या केबिनमध्ये मी नुसतं "हो, हो" करत राहिले. बाहेर आल्यावर मात्र तोंड सुटलं. बूथवाला घाबरून म्हणाला, "दीदी, लाइन खराब थी क्या?" "लाइन एकदम ठीक थी, भिया," मी म्हटलं, "आदमी खराब है!"

काकूला मीच सांगितलं, काही न लपवता. तिकडच्या बाईचंही सांगितलं. ती गोधड्यांच्या घड्या घालत होती. "आहेत ना? मी म्हटलं होतं," एवढंच बोलली. रडली नाही.

मग बाबांनी बोलावून घेतलं आणि काका आले. भावाने स्टेशनवर हार घातला, बाबांनी मिठी मारली, आईने पुरण घातलं. अरे, कोणी एकाने तरी विचारायचं होतं, बाबा रे, होतास कुठे इतकी वर्षं! बेटम्याला दिलेली आत्या काकूच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नशीब काढलंस गं पोरी!" नशीब! माझ्या जिभेवर जे आलं ते अजूनही लिहिता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी हजर. अग्नी दिलेला माणूस परत आला तर त्याचं काय करायचं, तेही म्हणे शास्त्रात आहे. त्याचा पुन्हा जन्म झाला असं धरायचं. तुपाने न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, मुंज करायची आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मुहूर्तही निघाला. तुपाचे डबे आले. काका सोफ्यावर बसून पुरणपोळी चाखत होते, साखरेचा आजार विसरून.

बाबा काकूकडे वळून म्हणाले, "त्याला जिना चढवत नाही. पुढची खोली रिकामी करून दे. पोरांच्या आयांना सांगून टाक, आता जमणार नाही म्हणून."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, ती खोली तिची आहे! तिने उभं केलंय ते सगळं!"

"तू मध्ये पडू नकोस. नवरा-बायकोचा मामला आहे."

तेवढ्यात काकूच बैठकीत आली. कडेवर कोणाचं तरी किरकिरं पोर होतं. "गुरुजी, एक विचारू? पुन्हा लग्न लावायचं म्हणता. म्हणजे पहिलं आता उरलेलं नाही?"

"नाही ना, बाई. दहनाने ते संपलं. म्हणून तर हा सगळा विधी."

"म्हणजे आज या घडीला हे माझे कोणी लागत नाहीत?"

गुरुजी जरा चाचरले. "शास्त्राप्रमाणे… नाहीत."

"मग मुलीची पसंती घ्यायला हवी."

सगळे हसले. काकाही हसले. आत्या म्हणाली, "बघा, या वयात कशी लाजतेय!"

काकू लाजत नव्हती. तिने कडेवरचं पोर सावरलं आणि काकांकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, मुलगी बघायला आलेले लोक पाहतात तसं. मग बाबांना म्हणाली, "भाऊजी, मला हे स्थळ पसंत नाही. आणि खोली मिळणार नाही."