दुसऱ्या वळणावरची दोरी

अक्कांना खाली नेलं त्या सकाळी मी आमच्या दारात उभी होते. चौथ्या मजल्यावरून चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं, कारण आमच्या इमारतीत लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. दम लागून त्यांचे ओठ काळसर पडले होते. तरी उजवा हात खुर्चीवर नव्हता, जिन्याच्या दोरीवर होता. खुर्ची एकेक पायरी उतरेल तशी त्यांची मूठ दोरीवरून सरकत होती. त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, हात आत घे, लागंल." त्या म्हणाल्या, "तू म्होरं बग." आमच्या दारासमोर खुर्ची टेकवून माणसांनी हात बदलले. सात महिने आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नव्हतो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "बाई, दुसऱ्या वळनावरची ढिली झालीय." मी मान हलवली… नुसती मान. खुर्ची उचलली गेली.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा, सुनीताचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी मधुकरांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. माझे यजमान शाळेत मास्तर होते; आता त्यांची दृष्टी काचबिंदूने जवळजवळ गेली आहे, त्यामुळे सकाळचा हा आमचा ठरलेला कार्यक्रम. "आत्या गेल्या," एवढंच सुनीता म्हणाली. फोन ठेवून मी उरलेल्या बातमीच्या दोन ओळी तशाच वाचल्या. मग मधुकरच म्हणाले, "थांब आता." त्याला दीड महिना होऊन गेला. लिहायला बसते आणि उठते. जिन्यात काही वाजलं की दार उघडून बघते.

आमची वसाहत नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याला, वस्ती विरळ होत जाते तिथे आहे. रंगीत माहितीपत्रकात चार इमारती होत्या, मधोमध बाग, कारंजं. प्रत्यक्षात दोन उभ्या राहिल्या. तिसरीचे नुसते खांब आहेत, चौथीच्या जागी खड्डा, आणि बागेच्या जागी वेड्या बाभळी. "ताबा घ्या, बाकीचं होत राहील," असं बिल्डर म्हणाला. आम्ही ताबा घेतला आणि बाकीचं राहिलं. त्यात सगळ्यात वाईट जिना. कठडा जोडण्यासाठी पायऱ्यांच्या कडेला कमरेएवढ्या उंचीचे लोखंडी गज सोडले होते, पण कठडा कधी आलाच नाही. नव्या घरात माणसं भिंतीला पाठ घासत जिना उतरायची.

गयाबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, आमच्यानंतर महिन्याभराने राहायला आल्या. पाथर्डी तालुक्यातलं त्यांचं गाव. लग्नानंतरची पंचवीसेक वर्षं त्या नवऱ्याबरोबर दर हंगामाला ऊसतोडीला जात. पुढे मुलगा शिकला, नोकरीला लागला, त्याने हे घर घेतलं. पहिल्याच दिवशी त्या डोक्यावर गव्हाचं पोतं घेऊन चौथा मजला चढल्या. मी घाबरून म्हटलं, "अहो, जपून! कठडा नाही." त्या न थांबता म्हणाल्या, "ट्रकला लावलेल्या फळीला तरी कुठं कठडा आसतो, बाई? डोक्यावर उसाची मोळी घिऊन चढायचं. मला काय न्हाई हुत." मी आयुष्यभर एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं, वर्गात कधी शिकवलं नाही. पण पुस्तकं दिसली म्हणून त्यांनी मला 'बाई' केलं ते कायमचं.

आठवड्याने मधुकर दुसऱ्या वळणावर कडेला गेले. पडले नाहीत, वरून येणाऱ्या अक्कांनी दंड धरला. दोन दिवस गावी जाऊन आल्या त्या एक जुना नाडा घेऊन, बैलगाडीवर ऊस आवळून बांधायचा तो जाड दोर. सकाळपासून दुपारपर्यंत त्या जिन्यात बसून होत्या. गजापासून गजापर्यंत दोर ओढायचा, पाय लावून ताणायचा, गाठ मारायची. निरगाठ नाही. त्यांची गाठ अशी होती की दोराला वजन दिलं की ती आणखी आवळे, आणि बाहेर सोडलेलं टोक ओढलं की एका झटक्यात सुटे. "नाडा सैल पडनारच. सोडून परत ताणता आला पायजे," त्या म्हणाल्या. संध्याकाळी मधुकरांना हाताला धरून त्यांनी दोरीशी नेलं. "भाऊ, हिथं हात लावा. पैल्या मजल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तुमच्याला तीन. चार लागल्या तर माज्या घरी आलात, च्या पिऊन जा." मधुकर खूप दिवसांनी मोठ्याने हसले. पुढे आमच्या दारासमोरच्या दोरीला त्यांनी जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळला. मास्तराचा हात हाय, सोलंल, म्हणाल्या.

दोरीचा मला आधार होता आणि रागही होता. आम्ही पैसे मोजून घर घेतलं होतं. कठडा हा आमचा हक्क होता. मी अर्ज लिहायला लागले. बिल्डरला, मग संबंधित कार्यालयाला, मग त्यांच्या वरच्यांना. लिहिलेला अर्ज अक्कांना वाचून दाखवायची, कारण खाली रहिवाशांच्या सह्यांत त्यांचा अंगठा असे. त्या डोळे मिटून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "लई ग्वाड लिवता, बाई. 'कृपया', 'विनंती', 'तसदीबद्दल'… ह्यानं त्यास्नी राग कसा यावा?"

"राग यायला नकोय, अक्का. काम व्हायला हवंय."

"मंग ऱ्हाऊ द्या ग्वाडच," म्हणाल्या, आणि अंगठा पुढे केला.

बऱ्याच अर्जांनंतर एकदा उत्तर आलं. पाहणीसाठी अधिकारी येणार, तारीख आणि वार लिहिलेला. मी ते पत्र खालच्या भिंतीवर चिकटवलं. आदल्या दिवशी मला मधुकरांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुण्याला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परतले आणि फाटकातच थांबले. वसाहत ओळखू येत नव्हती. बाभळी तोडल्या होत्या. खड्ड्यावर फळ्या टाकून वर माती पसरली होती. जिन्याच्या पायऱ्या चुन्याने रंगवल्या होत्या, तळमजल्यावर रांगोळी, लिफ्टच्या उघड्या भोकावर धुतलेली चादर आणि तिच्यावर आंब्याच्या पानांचं तोरण. दोन्ही इमारतींच्या बायका पदर खोचून राबत होत्या आणि मधे अक्का. मला बघून त्या आनंदाने म्हणाल्या, "या, या! पोह्यांचं तुमच्याकडं हाय का माज्याकडं?"

मला रडू यायचं बाकी होतं. "अक्का, ते आपली दुर्दशा बघायला येतायत! ती झाकायची कशाला?"

"पाव्हना यायचाय आन् घर आसं ठिवायचं?" त्यांना माझं म्हणणं खरोखरच कळत नव्हतं. आणि त्यांनाच कशाला, तिथल्या कोणालाच कळलं नव्हतं. कोणी येणार म्हटलं की आवरायचं, हे आमच्या सगळ्यांच्या हाताला इतकं ठाऊक होतं की पाहुणा कशासाठी येतोय हे कोणी विचारलंच नाही.

तासाभराचा अवधी होता. मी म्हटलं, निदान दोरी तरी सोडा. कठडा नाही हे तरी दिसू दे.

अक्कांचा चेहरा बदलला. "सोडते. पन परत बांदता येती का तुमाला? मला आज दुपारच्या गाडीनं गावाला जायाचंय, चार दिस न्हाई मी. भाऊ उद्या कसं उतरतील?" मला गाठ येत नव्हती. दोरी राहिली.

साहेब आले. वयस्कर, सभ्य माणूस, गुडघे दुखरे. एका हाताने दोरी धरून ते चौथ्या मजल्यापर्यंत चढले, अक्कांचे पोहे खाल्ले आणि जाताना मला म्हणाले, "मॅडम, किती छान ठेवलंय तुम्ही लोकांनी!" महिन्याभराने अहवाल आला. रहिवाशांनी कठड्याची पर्यायी व्यवस्था केलेली आढळली, सद्यःस्थितीत तातडीचा धोका दिसत नाही.

तो कागद घेऊन मी चौथ्या मजल्यावर गेले. नेहमीप्रमाणे वाचून दाखवला. अक्का म्हणाल्या, "म्हंजी?" आणि मी जे बोलले ते इथे लिहायचं म्हणून गेले कित्येक दिवस लेखणी थांबते आहे. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या दोरीनं आपला कठडा घालवला. तुमच्या अडाणीपणानं." आवाज चढवला नव्हता मी. माझा आवाज चढत नाही. तो शब्द मी ग्रंथालयात बोलावं तसा हळू उच्चारला. सुनीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अक्कांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं."

त्यानंतर सात महिने. आम्ही जिन्यात समोरासमोर आलो की मी भिंतीकडे सरकायची. मधुकर रोज सांगायचे, वर जाऊन ये. मी उद्या म्हणायची. दर पंधरा दिवसांनी दाराबाहेर दोर ताणल्याचा करकर आवाज यायचा, मी पुस्तकात डोकं घालून बसायची. अर्ज मात्र लिहीत राहिले. आता त्यांत अंगठा नव्हता.

त्या गेल्यावर पंधराएक दिवसांनी मला त्यांचं शेवटचं वाक्य सहन होईना. मी दुसऱ्या वळणावर गेले, टोक ओढलं, दोर ताणला आणि जमेल तशी गाठ मारली. दुपारी मधुकर खाली निघाले. त्या ठिकाणी हात पोचला आणि ते थबकले. "ही अक्कांची नाही," म्हणाले. त्यांच्या मुठीखाली गाठ सरकत होती. मी धावत जाऊन त्यांना धरलं.

मग मी चौथा मजला चढले. सुनीताने लग्नानंतरचे दोन हंगाम सासूबरोबर ऊस तोडला आहे. मी म्हटलं, मला ती गाठ शिकव. ती दोरीचा तुकडा घेऊन बसली. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं, "अक्का माझ्यावर रागावल्या होत्या?"

तिने खोटं सांगितलं नाही. "व्हय. लई. नाव न्हाई काडायच्या तुमचं."

"शेवटपर्यंत?"

"व्हय." तिने दोरीचा फेर माझ्या बोटांत घातला. "पन ताणायला निगाल्या की आदी तुमच्या दारापुढची ताणायच्या. हां, आता हे खालनं घ्या. खालनं, बाई."

माझी बोटं पुस्तकांना सरावलेली. पहिले तीन दिवस फेर उलटाच पडे. चौथ्या दिवशी गाठ बसली.

आता पुन्हा पत्र आलं आहे. नव्याने पाहणी, येत्या सोमवारी. काल खाली बैठक झाली. मी सहसा बैठकीत बोलत नाही. काल सांगितलं, कोणी झाडायचं नाही, चादर बांधायची नाही, पोहे साहेबांना नंतर देऊ. साहेब खालच्या पायरीशी आले की त्यांच्यासमोर दोरी सोडायची आणि मग त्यांना वर चला म्हणायचं. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "आणि ते गेल्यावर परत बांधणार कोण? अक्का आहेत का आता?"

"मी," म्हटलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

आज सकाळी दुसऱ्या वळणाची दोरी पूर्ण सोडली. गज उघडे पडले आणि खालचा तळमजला एकदम जवळ आल्यासारखा वाटला. पाय लावून दोर ताणला, अक्का लावायच्या तसा. फेर घातला, खालून घेतला, टोक बाहेर सोडलं. दोन्ही हातांनी वजन देऊन पाहिलं. पुन्हा पाहिलं. तरी मन निवांत होईना, म्हणून घरात जाऊन मधुकरांना म्हटलं, दूध संपलंय, घेऊन येता का? दूध होतं.

ते निघाले. लुगड्याच्या काठावरून, तीन गाठींवरून, दोन गाठींवरून त्यांचा हात सरकत गेला. वळण आलं. मी वरच्या पायरीवर उभी होते. त्यांची मूठ माझ्या गाठीवर आली, क्षणभर तिथे राहिली…

ते काही बोलले नाहीत. हात पुढे सरकला, आणि ते पुढची पायरी उतरले.